सातचे पाय, चौदाची हौस: धावण्याचं अंतर वाढवताना या चुका टाळा

"काय बे, सातवरच दमलास?"

सोलापुरात हा प्रश्न प्रेमानंच विचारतात. माझे मात्र त्यापायी पाच आठवडे गेले. तोवर माझी सर्वात लांब धाव 7 किलोमीटरची होती. त्या रविवारी ग्रुप होटगी रोडनं 7 जाऊन 7 परत येणार होता. दम शाबूत होता, गप्पा रंगल्या होत्या, मीही गेलो. नवव्या किलोमीटरला डाव्या नडगीत कळ उठली. बाकीचे पुढं गेलेले, खिशात रिक्षापुरतेही पैसे नाहीत आणि गाडी लावलेली जागा अजून पाच किलोमीटर लांब. लंगडत आलो. दोष ग्रुपचा नव्हता, मला कुणी धरून नेलं नव्हतं. पण "गेल्या रविवारी किती धावलास?" असं कुणी विचारलं नाही, आणि मीही आपणहून सांगितलं नाही.

दम आणि पाय एका वेगानं तयार होत नाहीत, सगळा घोळ तिथं आहे. नियमित धावायला लागलं की काही आठवड्यांतच श्वास सुधारतो. हाडांना, आणि स्नायू हाडाला बांधणाऱ्या कंडरांना, त्याच कामाला महिने लागतात. त्यात सोबत असली की अंतर कळतच नाही. एकट्यानं पाचला कंटाळणारा माणूस चौघांत दहा सहज काढतो. ग्रुपचा मोठा फायदा हाच, आणि फसगतही याच्यातच होते.

चूक पहिली: सरळ रस्ता धरणं

सगळ्यांचं अंतर वेगळं असताना 'इतके जाऊ, इतके परत येऊ' असा मार्ग ठरवू नका. अशा मार्गावर नवख्याला मधूनच सुटता येत नाही. जितका लांब गेला तितकं परत यावंच लागतं, आणि दुखायला लागतं ते बहुतेक वेळा परतीच्याच वाटेवर.

त्यापेक्षा दोन-तीन किलोमीटरची फेरी शोधा. सिद्धेश्वर तलावाचा परिसर, कंबर तलावाकडचा भाग, जुळे सोलापुरातले कॉलनीचे रस्ते, जे घराजवळ असेल ते. घड्याळावर एकदा फेरी मोजून घ्या. पाण्याच्या बाटल्या, गाड्या, जादा टी-शर्ट एकाच जागी ठेवा. मग पाचवाला दोन फेऱ्यांनी थांबतो, पंधरावाला सहा फेऱ्या मारतो, आणि थांबणाऱ्याला 'मध्येच सोडलं' असं वाटत नाही. शिवाय दर फेरीला सगळे एकमेकांच्या नजरेखालून जातात. कोण लंगडतोय, कोण गप्प झालाय, ते दिसतं. मकर संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत तलावाकडची फेरी मात्र विसरा, तेवढे दिवस दुसरी जागा ठरवा.

सरळ रस्ताच हवा असेल, तर वेगवेगळ्या वेळी निघा. लांब जाणाऱ्यांनी अर्धा तास आधी निघावं, नवख्यांनी नंतर. शेवटी सगळे एका चहाच्या गाडीवर भेटले म्हणजे झालं.

चूक दुसरी: हिशेब फक्त आठवड्याचा ठेवणं

'आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नका' हे सगळ्यांना पाठ असतं. नियम ढोबळ आहे, पण पळवाट मोठी. समजा एका आठवड्यात 6, 6 आणि 8 असे 20 किलोमीटर झाले. पुढच्या आठवड्यात 4, 4 आणि 14 धावलात तर बेरीज 22, म्हणजे कागदावर दहाच टक्के वाढ. पाय मात्र 8 वरून एकदम 14 वर गेले! म्हणून एक जादा आकडा पाहा: गेल्या महिनाभरातली तुमची सर्वात लांब धाव किती? पुढची लांब धाव त्याहून किलोमीटरभर जास्त, बस. तीन आठवडे वाढवलं की चौथ्या आठवड्यात अंतर उतरवा. ही उतरती पायरी ग्रुपमध्ये सर्वात आधी मोडते, कारण त्या रविवारी बाकी कुणाची तरी चढती पायरी असते.

आजारपण, लग्नसराई, गावाला जाणं, यांत दोन-तीन आठवडे गेले तर जिथं सोडलं तिथून सुरू करू नका. अंतर निम्म्यावर आणा.

चूक तिसरी: पुढच्याच्या पाठीकडं बघत धावणं

लांब धावेचा वेग असा असावा की धावता धावता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. 'हो', 'हां', 'चल' एवढंच निघत असेल तर वेग जास्त झालाय. अंतर आणि वेग एकाच आठवड्यात वाढवू नका, दोन्हींचा भार पायांवरच पडतो.

जुन्या मंडळींना विनंती: तुमच्यातल्या एकानं आळीपाळीनं सर्वात मागं राहावं, आणि नवख्याला दर पाच मिनिटांनी एक मिनिट चालायला लावून त्याच्याबरोबर चालावं. एकट्याला चालायची लाज वाटते, दोघं चालले की तो बेत वाटतो.

कुठं दुखतंय, ते बोट ठेवून बघा

दुसऱ्या दिवशी दोन्ही मांड्या, दोन्ही पोटऱ्या सारख्याच जड वाटत असतील आणि दोन-तीन दिवसांत उतरत असेल, तर तो नव्या अंतराचा शीण आहे. एकाच पायाला, ठराविक जागी, दर वेळी दुखत असेल तर सावध व्हा.

नडगीच्या आतल्या कडेनं लांबवर दुखतं आणि धावताना सुरुवातीला जाणवून मग कमी होतं? अंतर निम्मं करा, मऊ मातीवर धावा, बूट झिजलेत का बघा. पण एका बोटानं दाखवता येईल अशी हाडावरची जागा दुखत असेल, चालतानाही किंवा रात्री पडल्यावरही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. धावणं बंद आणि थेट हाडांचे डॉक्टर. 'बाम चोळ, जाईल' म्हणणारे ग्रुपमध्ये दोघे तरी असतात, त्यांचं ऐकू नका. सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्या पावलाला टाच दुखत असेल, तर ते बहुधा तळव्याच्या पट्ट्याचं दुखणं असतं. पोटऱ्या आणि तळवे ताणण्याचा व्यायाम रोज करावा लागतो, तेही बरेच आठवडे. धावताना छातीत दुखलं, चक्कर आली, तर त्याच क्षणी थांबा.

दुखणं बरं झाल्यावर धावण्याकडं परतताना आधी अर्धा तास न दुखता चालता आलं पाहिजे. मग एक मिनिट धावणं, एक मिनिट चालणं.

आणि आपलं ऊन

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, रस्ता पहाटेही पुरता निवलेला नसतो. अंगाला उन्हाची सवय व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, तोवर अंतर वाढवायचं नाव काढू नका. नुसतं पाणीही ढोसू नका. तास-दोन तासांच्या धावेत घामाबरोबर मीठ जातं, त्यावर नुसतं साधं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम घसरू शकतं. तहान लागेल तसं प्या, जवळ ओआरएस ठेवा. सोबतचा कुणी असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला, तर 'थोडंच राहिलंय' म्हणून त्याला ओढू नका. सावलीत आडवं करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, 108 ला फोन करा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.

गाळप हंगामात पहाटे शहराबाहेर धावणार असाल तर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरांपासून जपा, कित्येकांना मागं दिवाच नसतो. समोरून येणारं वाहन दिसेल अशा उजव्या कडेनं, एकामागं एक धावा, अंगात चमकणारी पट्टी असू द्या. शनिवारी रात्री हुरड्याला जाणार असाल, तर रविवारची लांब धाव शुक्रवारीच उरका. हे मी अनुभवानं सांगतोय, तपशील विचारू नका.

आमच्या ग्रुपवर आता शनिवारी संध्याकाळी प्रत्येक जण दोन आकडे टाकतो: महिन्यातली सर्वात लांब धाव आणि उद्याचा बेत. गेल्या आठवड्यात एका काकांनी '6' आणि '12' टाकलं. मिनिटभरात चौघांचं उत्तर आलं, "मालक, सात."