डबलसीट फिरण्यासाठी मध्यम क्रूझर घेताय? या चुका टाळा

क्रूझर, म्हणजे खाली सीट असलेली ऐसपैस बाइक, पसंत केली जाते ती पुढच्या सीटवर बसून. सीट खाली, हँडल हाताशी, दोन्ही पाय जमिनीवर पूर्ण टेकलेले. पाच मिनिटांत मन बसतं. मागच्या सीटवर बसून बघायचं मात्र राहून जातं, आणि जोडीनं फिरायचं असेल तर गाडी पास की नापास हे तीच सीट ठरवते. मोठ्या टूरिंग क्रूझर दोघांसाठीच आखलेल्या असतात. ३५० ते ९०० सीसीच्या गटातल्या बऱ्याच गाड्या मुळात एकट्यानं चालवण्यासाठी आखलेल्या असतात आणि मागे एक छोटी गादी जोडलेली असते. काहींना, उदाहरणार्थ जावा पेराकला, तीही नसते. म्हणून या गटात निवड जास्त काळजीनं करावी लागते.

सीसी पाहिले, भारक्षमता पाहिलीच नाही

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. इंजिन मोठं म्हणजे गाडी जास्त वजन वाहील, असं अजिबात नसतं. वजन वाहतात फ्रेम, शॉकअप, चाकं आणि टायर, आणि त्यांची मर्यादा मॅन्युअलमध्ये दिलेली असते. तिथे कमाल एकूण वजन शोधा. त्यातून गाडीचं कर्ब वजन, म्हणजे पेट्रोल-ऑइल भरलेलं वजन, वजा केलं की माणसं आणि सामान यांच्यासाठी किती उरतं ते कळतं.

समजा कमाल वजन ४२० किलो आणि कर्ब वजन २४० किलो आहे. उरले १८०. चालवणारा ८० किलोचा, मागचा ६५ किलोचा, दोघांची हेल्मेट, जॅकेट आणि बूट मिळून १० किलो. झाले १५५. आता दोन बॅगा, पावसाळी कपडे, पाणी, कुलूप आणि बॅगांचे स्टँड या सगळ्यांसाठी राहिले २५ किलो. म्हणजे गाडी काठावर आली. जाहिरातीत कधी कधी कोरडं वजन छापतात. ते धरून हिशेब केला तर आणखी फसगत, कारण १५ लिटर पेट्रोलच ११ किलोच्या आसपास भरतं. टायरवरचा आकडाही बघून ठेवा. लोड इंडेक्स, म्हणजे एक टायर किती वजन पेलतो त्याचा सांकेतिक आकडा, ६६ असेल तर ३०० किलो, ७१ म्हणजे ३४५ किलो. टायर बदलताना स्वस्त मिळाला म्हणून कमी इंडेक्सचा बसवू नका.

सीसीचा प्रश्न राहिलाच, तर कमाल पॉवरचा आकडा बाजूला ठेवून टॉर्क, म्हणजे इंजिनची ओढ, किती आरपीएमवर (इंजिनच्या फेऱ्यांवर) मिळतो ते बघा. मागे माणूस बसवून चढावर, वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर गाडी कुरकुर न करता उचलते का? सारखे गिअर पाडावे लागत असतील तर प्रत्येक वेळी मागच्याला झटका बसतो आणि हेल्मेटवर हेल्मेट आपटतं.

मागचं सस्पेन्शन कागदावरच राहिलं

क्रूझरची सीट खाली आणायची म्हणजे मागच्या चाकाला वर-खाली व्हायला जागा कमी मिळते. हे या गाड्यांच्या रचनेतच आहे. रॉयल एनफिल्ड सुपर मेटिओर ६५०ची सीट ७४० मिलिमीटरवर आहे आणि मागच्या चाकाला १०१ मिलिमीटरची हालचाल मिळते. कावासाकी व्हल्कन एसची सीट ७०५ मिलिमीटरवर, आणि मागे जेमतेम ८० मिलिमीटर. याच सीसीच्या, पण क्रूझर नसलेल्या सुझुकी व्ही-स्ट्रॉम ६५०ला मागे १६० मिलिमीटरच्या आसपास मिळतात. म्हणजे क्रूझरवर दुसरा माणूस बसला की शॉकअपकडे खड्डा गिळायला फार थोडी जागा उरते. त्यातच मागे बसणारा जवळजवळ मागच्या चाकावरच असतो, त्यामुळे प्रत्येक दणका आधी त्याच्या कण्यात जातो.

म्हणून प्रीलोड, म्हणजे शॉकअपची स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते, बदलता येतो का आणि किती टप्प्यांत, हे विकत घेण्याआधी विचारा. बऱ्याच जोडशॉकअपवाल्या क्रूझरमध्ये पाच टप्पे असतात आणि हुकासारखा पाना लागतो. बॅग बसवल्यावरही तो पाना तिथे पोहोचतो का, हे बघायला विसरू नका. ज्या जोडीचं एकत्रित वजन भारक्षमतेच्या जवळ जातं, तिने शेवटच्या टप्प्यावर गाडी चालवून बघावी. तिथेही खड्ड्यात ठक्क असा आवाज येत असेल, तर माझ्या मते ती गाडी त्या जोडीसाठी नाहीच, दिसायला कितीही सुरेख असो.

मागच्या माणसाला न नेता टेस्ट राइड

एकट्यानं केलेल्या टेस्ट राइडवरून जोडीच्या प्रवासाबद्दल काहीच कळत नाही. ज्याला मागे बसायचंय त्यालाच न्या, कमीत कमी अर्धा तास, आणि त्यात थोडा खराब रस्ता असू द्या. मग त्याचं बोलणं नीट ऐका.

गुडघे किती दुमडतात? फूटपेग, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्या, फार वर असतील तर गुडघे पोटाशी येतात, पायांवर जोर देऊन खड्ड्यात किंचित उठता येत नाही आणि सगळा भार माकडहाडावर पडतो. गादी मुठीनं दाबून बघा. खालचा पत्रा किंवा प्लास्टिक लगेच लागत असेल तर वरचं शिवणकाम काही कामाचं नाही. सीट मागे उतरती असेल तर वेग घेताना माणूस मागे घसरतो आणि सतत धरून बसावं लागतं. अशा वेळी बॅकरेस्ट ही चैनीची गोष्ट राहत नाही, ती हवीच. सुपर मेटिओरच्या टूरर प्रकारात रुंद सीट आणि बॅकरेस्ट कंपनीकडूनच येते. होंडा रेबेल ५००ची मागची गादी मात्र खूपच छोटी आहे, शहरातल्या फेरीपुरती. रेबेल एकट्याला उत्तम आहे, पण दोघांनी लांब जायचं तर मी ती सुचवणार नाही.

सायलेन्सर कुठून जातो तेही बघा. बुटाची टाच किंवा पोटरी त्याला लागत असेल तर आज ना उद्या चटका बसणारच. विंडस्क्रीनचं गणितही दोघांसाठी वेगवेगळं असतं. पुढच्याला शांत वाटणारी काच कधी कधी सगळा वारा उंच बसलेल्या मागच्याच्या तोंडावर फेकते.

इंजिनची ताकद मागच्या चाकापर्यंत न्यायला चेन, बेल्ट की शाफ्ट यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. जोडीच्या आरामात त्यानं फार फरक पडत नाही, देखभालीत पडतो. कावासाकी व्हल्कन ९००ला बेल्ट आहे, सुझुकी बुलेव्हार्ड सी५०ला शाफ्ट. चेन असेल तर ढील मॅन्युअलप्रमाणेच ठेवा. फार ताणलेली चेन दोघांच्या वजनानं मागचं चाक वर गेलं की आणखी ताणली जाते आणि बेअरिंग खाते.

गाडी घेऊन झाली, आता त्रास होतोय

वळणावर फूटपेग घासतात: गाडी दोघांच्या वजनानं खाली बसली आहे. प्रीलोड वाढवा. तरी घासत असतील तर वळणाचा वेग कमी करा, कारण पेगनंतर घासणारा भाग लवचीक नसतो.

समोरचे लोक डिपर मारतात: मागची बाजू बसल्यानं हेडलाइट वर गेला आहे. प्रीलोड लावल्यावर दोघं बसलेले असताना तो पुन्हा लावून घ्या.

ब्रेक मारताना मागचा माणूस पाठीवर येतो: क्रूझरवर दोघं असताना मागच्या चाकावर भरपूर वजन असतं, त्यामुळे मागचा ब्रेक खरंच काम करतो. दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू दाब वाढवत वापरा आणि पुढच्या गाडीपासून अंतर जास्त ठेवा.

चढता-उतरताना गाडी कलंडते: साइड स्टँडवर असताना मागच्यानं पेगवर उभं राहून चढू नये, सगळा भार त्या एका स्टँडवर येतो. चालवणाऱ्यानं आधी गाडी सरळ करावी, दोन्ही पाय रोवावेत, पुढचा ब्रेक दाबून धरावा आणि मग हो म्हणावं. मागच्यानंही न सांगता उतरू नये.

वेगात गाडी वॉबल मारते, म्हणजे डावी-उजवीकडे डुलते: हे अजिबात अंगावर काढू नका. आधी हवा तपासा. डबलसीटसाठी मागच्या टायरचा दाब बहुतेक वेळा वेगळा आणि जास्त दिलेला असतो. मग सामान बघा. बॅकरेस्टमागच्या कॅरिअरवर जड बॅग बांधली की वजन मागच्या ॲक्सलच्याही मागे जातं आणि पुढचं चाक हलकं होतं. जड वस्तू बाजूच्या बॅगांत, खाली आणि पुढे सरकवा. प्रीलोड बघा. एवढं करूनही हँडल थरथरत असेल तर स्टिअरिंगचं आणि स्विंगआर्मचं (मागचं चाक धरणाऱ्या हाताचं) बेअरिंग मेकॅनिककडून तपासून घ्या, आणि ते होईपर्यंत मागे कुणाला बसवू नका.