ग्रीक बेटं फिरताय? मग या चुका टाळा

मिकोनोस, पारोस, नाक्सोस, मिलोस, सँटोरिनी आणि शेवटी अथेन्सला अर्धा दिवस. सगळं मिळून सात दिवस. असा बेत दर उन्हाळ्यात कुणीतरी मला पाठवतंच, ‘जरा नजर टाका’ म्हणून. नकाशावर बेटं एकमेकांना खेटून दिसतात, त्याचा हा परिणाम.

बेट बदलायच्या दिवशी काय होतं ते ऐका. खोली अकराला सोडायची. बोट दीडची, ती उगवते सव्वादोनला. उतरल्यावर बसपाशी झुंबड, मग पुढचं गाव, मग खोलीची किल्ली. तोवर पाच वाजलेले असतात, आणि दिवसभरात पाहिलं काय, तर दोन बंदरांवरचे दोन कॅफे. पाच बेटांच्या बेतात असे दिवस काढून टाका आणि उरले किती ते स्वतःच मोजा. मी आठवड्याला दोन बेटं करते, फार तर तीन, आणि तीही एकाच बोटीच्या वाटेवरची. पिरेअस (अथेन्सचं बंदर), पारोस, नाक्सोस, सँटोरिनी ही मोठ्या बोटींची जुनी वाट आहे. तिच्यावर राहिलं तर निम्मी डोकेदुखी कमी होते.

‘पण मोठी बोट सँटोरिनीला आठेक तास घेते, वेगवान कॅटामरान बोट पाच तासांत पोचवते!’ पोचवते ना. भाडं जवळपास दुप्पट, बहुतेकींत प्रवासभर बंद काचांच्या आत बसायचं, आणि लाटा असल्या की निम्म्या प्रवाशांना बोट लागते. ज्यांना समुद्र बघायला जायचंय त्यांनाच समुद्रावरचे तीन तास वाचवायची एवढी घाई का असते, हे मला कळलेलं नाही.

आता ज्या चुकीवर मी सगळ्यात जास्त घसा कोरडा केला आहे ती. परतीच्या विमानाच्या दिवशीच बेटावरून निघणं.

जुलै-ऑगस्टमध्ये या बेटांभोवतीच्या एजियन समुद्रावर मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो. बाल्कनवर हवेचा दाब जास्त आणि तुर्कस्तानावर कमी, त्यातून हा वारा. तुर्कस्तानावरचा तो कमी दाब आपल्या मान्सूनच्या पट्ट्याशी जोडलेला आहे, म्हणजे कोकणात पाऊस कोसळत असतो त्याच दिवसांत तिकडे हा घोंघावत असतो. आपला गोंधळ होतो तो इथेच. पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याच्या लाँच बंद असतात हे आपल्याला माहीत असतं, कारण आभाळच ते सांगतं. मेल्तेमीत ढगाचा ठिपकाही नसतो. लख्ख ऊन, निळं आभाळ, आणि बोटी बंद. आधी कॅटामरान थांबतात, मोठ्या बोटी बऱ्याचदा चालू राहतात. वारा फारच वाढला की बंदराचे अधिकारी सगळ्यांनाच थांबवतात, कधी एक दिवस, कधी जास्त.

ठाण्याचं एक जोडपं ऑगस्टमध्ये गेलं होतं, बरोबर दोघांचेही आईवडील. दुपारी तीनला सँटोरिनीहून कॅटामरान, रात्री दहाला अथेन्सहून विमान. शेवटची रात्र अथेन्सला काढा, असं मी कानीकपाळी ओरडून सांगितलं. ‘एक रात्र तिथे फुकट कशाला घालवायची?’ हे उत्तर मिळालं. त्या दिवशी सकाळी नवऱ्याने मला फोटोही पाठवला, आकाश बघा किती स्वच्छ म्हणून. अकराच्या सुमारास बोट रद्द झाल्याचा मेसेज आला, तो त्याने फसवणुकीचा समजून पुसून टाकला. सगळे कड्यावरचा नागमोडी रस्ता उतरून अथिनिओस बंदरावर गेले आणि चार म्हातारी माणसं उन्हात बॅगांवर बसून राहिली. बेटावरून अथेन्सला जाणारी विमानं भरलेली. संध्याकाळी एक मोठी बोट सुटली, ती पिरेअसला पोचली मध्यरात्र उलटल्यावर. बोटीचे पैसे परत मिळाले. विमानाची सहा तिकिटं मात्र नव्याने काढावी लागली, त्याची भरपाई बोट कंपनी देत नाही.

तेव्हा शेवटची रात्र अथेन्समध्ये. मी तर सगळ्यात लांबचं बेट आधी करते आणि परत येत येत अथेन्सच्या जवळ सरकते.

बाकीच्या चुका छोट्या आहेत, पण नेमाने होणाऱ्या. कोर्फू आणि सँटोरिनी एकाच बोटीच्या फेरीत बसवू नका. कोर्फू ग्रीसच्या दुसऱ्या बाजूला, आयोनियन समुद्रात आहे, आणि तिथली जुनी घरं व्हेनिसच्या वळणाची आहेत. पांढरी घरं हवीत तर सायक्लेड्स बेटं, म्हणजे मिकोनोस, पारोस, सँटोरिनी वगैरेंचा समूह. त्यातल्याच आमोर्गोस बेटाला दोन बंदरं आहेत, कातापोला आणि एगिआली. खोली एकीकडे आणि उतरलात दुसरीकडे, तर मधे डोंगर आहे. पिरेअस बंदर अवाढव्य आहे, तिकिटावरचा गेट नंबर टॅक्सीत बसायच्या आधी बघा. मिकोनोससाठी राफिना बंदर विमानतळाहून जवळ पडतं, ते कुणी बघतच नाही. मिकोनोसजवळच्या डेलोसला, प्राचीन अवशेषांच्या बेटावर, जायचं तर ते त्या दिवशी उघडं आहे ना ते आधी बघा. स्कूटर घ्यायची असेल तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना इथूनच काढून न्या.

सँटोरिनीवरच्या इया गावात सूर्यास्ताला गर्दीत चिरडून घ्यायचंच असेल तर घ्या. फक्त निळ्या घुमटाच्या फोटोसाठी लोकांच्या गच्च्यांवर चढू नका, तिथे माणसं राहतात. मला स्वतःला पारोसवरचं लेफ्केस आवडतं: तशाच पांढऱ्या गल्ल्या, संगमरवरी चर्च, आणि कोपर मारणारं कुणी नाही. चाकाची मोठी बॅग मात्र दोन्हीकडे निरुपयोगी, सगळ्या पायऱ्याच पायऱ्या.

आणि बोटीतून उतरायची घाई आपण विमानात करतो तशी इथे खरोखर करा. बॅगा खाली गाड्यांच्या डेकवर, बेटाचं नाव लिहिलेल्या रॅकवर ठेवलेल्या असतात. घोषणा झाली की लगेच जिना उतरून बॅगेपाशी उभं राहा. बोट मागचा दरवाजा धक्क्याला टेकवते, काही मिनिटांत माणसं-गाड्या उतरवते, चढवते आणि निघते. वर डेकवर सेल्फी काढत बसलेल्यांना ती पुढच्या बेटावर नेऊन सोडते.