अमेरिकेतला 'फुकट' फोन: आधी ३६ ने गुणा

अमेरिकेत नव्याने आलात की दुकानातली पाटी खुणावते: नवा फोन, शून्य डॉलर! तो फुकट नसतो. फोनची किंमत २४ किंवा ३६ हप्त्यांत तुमच्या बिलात चढते आणि तेवढीच सूट दरमहा वजा होते. मधेच मोबाइल कंपनी सोडली की उरलेली सूट बंद, उरलेले हप्ते मात्र तुमच्याच गळ्यात. शिवाय बहुतेक राज्यांत विक्रीकर पूर्ण किमतीवर आणि पहिल्याच दिवशी भरावा लागतो.

म्हणून फोनची नव्हे, फोन अधिक प्लॅनची बेरीज करा. समजा, सवलतीसाठी ७५ डॉलरचा प्लॅन सक्तीचा आहे: ३६ महिन्यांचे २,७०० डॉलर. तोच फोन ८०० डॉलरना रोख घेतला आणि ३० डॉलरचा प्रीपेड प्लॅन वापरला, तर १,८८०. म्हणजे 'फुकट' फोन ८२० डॉलरनी महाग! घरात चार लाइन असतील तर मात्र दर लाइनमागे प्लॅन बराच स्वस्त पडतो आणि गणित उलटूही शकतं. एकट्या विद्यार्थ्याला ते सहसा जमत नाही.

भारतात जाणं-येणं असेल तर अनलॉक फोनच घ्या. मोबाइल कंपनीने फक्त आपल्याच सिमपुरत्या बांधलेल्या, म्हणजे लॉक फोनवर भारतातलं सिम चालत नाही. आणि हो, अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला २०२२ च्या आयफोन १४ पासून सिमचा ट्रेच नाही, त्यामुळे बँकेच्या ओटीपीसाठी जपलेला भारतातला नंबर तिथून निघण्याआधीच ई-सिमवर (फोनमध्येच असलेल्या डिजिटल सिमवर) करून घ्या.