बाळंतपणाच्या बॅगेत आधी वही ठेवा

पहिल्या बाळंतपणाच्या वेळी माझी बॅग आठव्या महिन्यातच भरून दारामागे उभी होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला मी ती कौतुकाने उघडून दाखवत असे. धुऊन घड्या घातलेली झबली, मऊ दुपटी, पुढून उघडणारे गाऊन, चार्जर, सगळे होते. बाळ चार दिवसांचे असताना डॉक्टरांनी त्याच्या कपाळावर बोट दाबून उचलले, तिथली त्वचा क्षणभर पिवळीधमक दिसली आणि त्यांनी विचारले, “गेल्या चोवीस तासांत शू किती वेळा झाली?” मी सांगितले पाच-सहा वेळा, नवरा म्हणाला तीन वेळा, आणि आई चाचरत म्हणाली की पहाटे लंगोट बदलायला घेतला तेव्हा तो कोरडाच होता. जन्मतः ३ किलो असलेले बाळ काट्यावर २ किलो ६५० ग्रॅम भरले. पुढचे दोन दिवस ते काविळीच्या उपचारासाठी डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या दिव्याखाली होते आणि मी शेजारी बसून एकच हिशेब पुन्हा पुन्हा लावत होते. तो आजही लागलेला नाही, कारण साधी वही बॅगेत ठेवायचे मला सुचले नव्हते.

आता दुसऱ्यांदा दिवस भरत आले आहेत आणि या खेपेस बॅगेत सर्वांत आधी वही गेली आहे. बाळाच्या कपड्यांबद्दल मी लिहिणार नाही. ते कोणी विसरत नाही आणि लागतात त्यापेक्षा जास्तच घेतले जातात. कागदपत्रांची फाइल मात्र नीट लावा. सोनोग्राफीचे आणि रक्ताचे अहवाल, रक्तदाबाच्या नोंदी, चालू असलेली औषधे आणि कशाची ॲलर्जी असल्यास तिची नोंद एकत्र असू द्या. रक्तगट निगेटिव्ह असेल तर तो वहीच्या पहिल्याच पानावर ठळक लिहा, कारण बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाल्यास आईला अँटी-डी इंजेक्शन (पुढच्या गरोदरपणात आईचे रक्त बाळाच्या रक्ताविरुद्ध जाऊ नये म्हणून देतात ते) ७२ तासांच्या आत मिळायला हवे, आणि त्या गडबडीत फाइल उलगडत बसायला कोणालाही सवड नसते.

रुग्णालयात केव्हा निघायचे, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. पहिलटकरणींना साधारणपणे असे सांगितले जाते की कळा पाच-पाच मिनिटांनी येऊ लागल्या, प्रत्येक कळ मिनिटभर टिकू लागली आणि हे तासभर चालले की निघावे. पाणमोट फुटली तर कळांची वाट न पाहता आधी फोन करा आणि वेळ व पाण्याचा रंग वहीत लिहा. पाणी हिरवट असेल, लाल रक्त जात असेल किंवा बाळाची हालचाल मंदावली असेल, तर फोनवर चर्चा न करता सरळ निघा. शेवटी शेवटी बाळ हलायचे कमी होतेच, असे कोणी सांगेल. त्यावर अजिबात विश्वास ठेवू नका.

स्वतःसाठी मोठे, जाड पॅड भरपूर घ्या. रक्तस्राव काही आठवडे चालतो आणि पहिले दिवस नेहमीच्या पॅडचे काम नाही. अंतर्वस्त्रे उंच कमरेची घ्या, म्हणजे सिझेरियन झाले तरी पट्टा टाक्यांवर येत नाही. नळीची पाण्याची बाटलीही घ्या, कारण बाळ अंगावर प्यायला लागले की तहान तेव्हाच लागते आणि उठता येत नाही. बाळ जन्मल्याबरोबर छातीशी, उघड्या अंगाला अंग लावून ठेवायचे आहे आणि पहिल्या तासात पाजायचे आहे, हेही डॉक्टरांशी आधी बोलून घ्या. बाळ-बाळंतीण ठीक असतील तर सिझेरियननंतरही हे बहुतेक वेळा जमते, पण मागितल्याशिवाय कधी कधी राहून जाते.

आता वहीबद्दल, आणि हा भाग घाईने वाचू नका. मोबाइलमध्ये नोंदी ठेवण्याची सोय आहे हे मलाही ठाऊक आहे. परंतु पहाटे तीन वाजता जागे असणारे माणूस आणि मोबाइलचा मालक एकच असेल याची खात्री नसते. वही उशाशी उघडी पडलेली असते, तीत कोणीही लिहू शकते. चार रकाने पुरेत: वेळ, दूध, शू, शी. किती मिनिटे प्याले याचा काथ्याकूट नको, फक्त पाजले एवढे लिहा. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणे व्हायला हवे. शू पहिल्या दिवशी निदान एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा, अशी वाढत जाऊन पाचव्या दिवसापासून सहा किंवा अधिक वेळा व्हावी. शी आधी काळी, डांबरासारखी चिकट असते, मग हिरवट होते आणि चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी व्हायला हवी. तयार डायपरमध्ये थोडी शू झालेली कळतच नाही, म्हणून पहिला आठवडा कापडी लंगोट बरे. वजन पहिल्या दिवसांत थोडे उतरतेच, परंतु ते दहा टक्क्यांच्या आसपास गेले तर तपासणी हवी, आणि साधारण दोन आठवड्यांत ते पुन्हा जन्माच्या वजनाला यावे.

एवढ्या बारकाईने का लिहायचे, तर कावीळ आणि भूक एकमेकींना कशा धरून असतात हे मला उशिरा कळले. काविळीचा पिवळा रंग ज्या द्रव्यामुळे येतो ते मुख्यतः शीवाटे बाहेर पडते; दूध कमी गेले की शी कमी होते, द्रव्य अंगात साठते, बाळ सुस्तावते आणि सुस्तावलेले बाळ आणखी कमी पिते. ते रडत नाही. आमचे बाळ किती शहाणे, सलग पाच तास झोपते, असे मी फोनवर सांगत होते! वही असती तर दोन नोंदींमधली ती पाच तासांची रिकामी जागा कोणाच्या तरी डोळ्यांत आली असती. सुस्त बाळाला पाजायला उठवायचे असते, आणि उठत नसेल तर वहीत लिहीत न बसता दवाखाना गाठायचा. पहिल्या चोवीस तासांतच पिवळेपणा दिसला तर ताबडतोब सांगा.

रुग्णालयातून सुट्टी मिळण्यापूर्वी नर्सला बोलावून एकदा पूर्ण पाजणे समोर पाहायला लावा. बाळाचे तोंड मोठे उघडलेले आणि हनुवटी स्तनाला टेकलेली असावी आणि निपलबरोबर भोवतालचा काळसर भागही त्याच्या तोंडात गेलेला असावा. दुखत राहिले तर पकड चुकलेली आहे. सवय होईल म्हणून सोसू नका. संकोच वाटतो, मलाही वाटला होता, आणि त्याची किंमत वर सांगितली आहे.

घरी आल्यावरचे थोडक्यात सांगते, कारण तेवढ्यात बाळ उठणार. बाळाला उताणे, टणक गादीवर, उशीशिवाय निजवा. नाळ कोरडी ठेवा, तिला काही लावू नका, ती आपोआप गळते. थर्मामीटर घरात हवाच. ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक भरला तर लगेच दवाखाना. आईला तासाभरात पॅड पूर्ण भिजवणारा रक्तस्राव, प्रचंड डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधुक दिसणे किंवा ताप असेल, तर तेही आजच, उद्या नाही. पहिल्या आठवड्यात रडू येते. दोन आठवड्यांनंतरही मन उठत नसेल तर डॉक्टरांना सांगा. पाहुण्यांनी हात धुवावेत, सर्दी असणाऱ्यांनी येऊच नये. लसींच्या तारखा वहीच्या शेवटच्या पानावर लिहा.

वहीला पेन दोरीने बांधा आणि दुसरे पेन बॅगेच्या कप्प्यात टाका, कारण दोरी सोडून कोणीतरी पहिले पेन नेतेच.