लेहऱ्याच्या कानाने ब्राम्सची चौथी सिंफनी

जर्मन संगीतकार ब्राम्सची चौथी सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची चार भागांची रचना, ऐकायची तर चौथ्या, म्हणजे शेवटच्या भागापासून सुरुवात करा. जाणकार नाक मुरडतील, मुरडू देत. कुमार गंधर्वांच्या सुळेभावीचा हा बेळगाव तालुका. इथल्या माणसाला ख्याल ऐकायला शिकवावं लागत नाही. पण सिंफनी लावली की पाच मिनिटांत 'सम कुठं आहे हो?' असं विचारतो; सम म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा. चौथ्या भागात सम आहे.

मी बेळगावच्या शहापुरात पेटी शिकवतो, तबल्याच्या सोलोला लेहरा धरतो, म्हणजे एकच छोटी चाल फिरून फिरून वाजवतो. म्हणून आधी पेटी पुढ्यात घ्या. सा पांढरी तीन, म्हणजे पाश्चात्त्यांचा E. आता वाजवा: सा, रे, कोमल ग, म, तीव्र म, प, मग मंद्रातला प, परत सा. प्रत्येक स्वर तीन मात्रा. चोवीस मात्रांचं आवर्तन झालं. बाखच्या एका कँटाटातल्या, म्हणजे चर्चसाठीच्या गायनरचनेतल्या, चालीवरून ब्राम्सने ते बेतलं, फक्त तो तीव्र म स्वतःचा घातला. तो मुद्दाम दाबून वाजवा, सगळी ओढ तिथेच आहे. हात न बघता वाजेपर्यंत रेकॉर्डिंग लावू नका.

मग लावा. संचालक कार्लोस क्लायबर आणि व्हिएन्ना फिलहार्मोनिक वाद्यवृंदाचं १९८० चं रेकॉर्डिंग सहज मिळतं. ट्रॉम्बोन आणि बाकीची फुंकवाद्यं हेच आठ स्वर ठणकावून सांगतात, आणि पुढे त्याच आठ मापांवर (एक माप म्हणजे एका स्वराच्या तीन मात्रा) तीस रूपं येतात. पहिल्या काही आवर्तनांत लेहरा वर ऐकू येतो, मग खाली चेलो आणि डबल बासमध्ये उतरतो. मोबाइलच्या स्पीकरवर तो खालचा आवाज जातो आणि माणूस चुकतो, हेडफोन घ्याच. बोटांवर मापं मोजत राहा. वर व्हायोलिनने कितीही धुमाकूळ घातला तरी आठ मापं झाली की सम येते.

बाराव्या रूपाशी लय निम्मी होते आणि बासरी एकटी पुढे येते. ही जागा पुन्हा पुन्हा ऐका. विलंबितात गवय्या जसा समेच्या आधी रेंगाळतो तशी ती मात्रेच्या मागेमागे चालते, धापा टाकत चढते आणि चढलेली पायरी सोडून देते. मोजणं इथे सुटतं; सुटलं तर सुटू दे की. पुढच्याच रूपात ग शुद्ध होतो, आणि त्यानंतर ट्रॉम्बोन अगदी दबक्या आवाजात येतात. मग धाडकन पहिली लय आणि कोमल ग. शेवटी तीस रूपं संपल्यावर लय वाढते, तिथे आठाचा हिशेब सोडून द्या.

हे जमलं की दुसरा भाग. सुरुवातीला हॉर्न जे वाजवतात ते ऐकून आमच्या भजनी मंडळातले काका 'भैरवी!' म्हणाले. रे, ग, ध, नि सगळे कोमल, सा तोच पांढरी तीन. पण भैरवी धरून बसू नका. थोड्याच वेळात सा तोच ठेवून ब्राम्स शुद्ध स्वरांत जातो, खाली तारा बोटांनी छेडल्या जातात. तंबोऱ्याचं ॲप लावून ऐकायचा मोह आवरा, पुढे सा हलतो आणि सगळं बेसूर वाटतं.

पहिल्या भागाला पेटीवर इतकंच करा: प ग, सा ध, म रे, मंद्र नि आणि प; ग आणि ध कोमल. दोन-दोन स्वरांचे हे उसासे म्हणजेच त्याचं मुख्य गाणं. प्रस्तावना नाही, आलाप नाही, थेट मुखडा. ऑस्ट्रियातल्या म्युर्त्सझुश्लागला १८८४ आणि १८८५ च्या उन्हाळ्यांत त्याने ही लिहिली. तिथल्या चेरी गोड होत नाहीत, सिंफनीलाही तीच चव लागेल अशी धास्ती त्याने पत्रात घातली होती. आंबट नाही, पण तुरट आहे खरी.

तिसऱ्याला शिकवणी लागत नाही. सहा-एक मिनिटांचा, ट्रँगल वाजतो, पोरं नाचतात.

मग एका रात्री चारही भाग ओळीने ऐका, चाळीसेक मिनिटं. वीज गेली तर भागाच्या सुरुवातीपासून. पहिल्या तिन्ही भागांत ट्रॉम्बोनवाले एक स्वरही वाजवत नाहीत, त्यामुळे या वेळी तुमचा लेहरा सुरू होताना त्याचं वजन वेगळंच लागेल.