जुन्या ब्लूज रेकॉर्डमधली खोली कशी ऐकायची

जुनं ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं गाणं, लावलं की आधी नुसती खरखर कानावर येते आणि बरेच जण तिथेच बंद करतात, पण त्या खरखरीच्या मागे अख्खी खोली बसलेली असते हो, कुणाचा पाय आपटतोय, खुर्ची करकरतेय, ओळीआधी गाणारा श्वास घेतोय. तेव्हा टेप नव्हती, थेट मेणाच्या तबकडीवर कोरायचे, तीनेक मिनिटं एका दमात, मध्ये काही वाजलं तर कापायची सोयच नाही, गाणं पहिल्यापासून परत घ्या नाहीतर राहू द्या.

आधी कॉपी बघून घ्या. फार साफ केलेली नकोच, नॉइज रिडक्शनमध्ये खरखरीबरोबर श्वासही पुसला जातो. सुरुवात मायक्रोफोनवर केलेल्या रेकॉर्डपासून करा, म्हणजे १९२५ नंतरच्या, त्याआधी भोंग्यासमोर गायचे आणि भोंग्यात बारीक आवाज शिरायचेच नाहीत.

आता मुख्य काम. हेडफोन लावा, कुठे 'खट्' आलं की थांबून मोजा. ७८ स्पीडची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी, तबकडी एक फेरा साधारण ०.७७ सेकंदात घेते, म्हणजे आडवा ओरखडा असेल तर तोच खट् दर ०.७७ सेकंदाला परत येणार, गाण्याची लय काहीही असो. तालावर पडला आणि गाणारा लय वाढवतो तसा तोही पळायला लागला तर तो पाय आहे! हे पहिल्यांदा जमतं ना तेव्हा अंगावर काटा येतो, खरंच. एकदाच आला आणि परत नाही, तर दुसऱ्या प्रतीवरून केलेली कॉपी शोधा, दोन्हीत त्याच जागी असेल तर तो बहुधा रेकॉर्डिंगच्या वेळचाच. ट्रान्सफर, म्हणजे तबकडीवरून उतरवलेली कॉपी, स्टिरिओ असेल तर ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये एक चॅनल उलटा (इन्व्हर्ट) करून दुसऱ्यात मिसळा, मूळ आवाज मोनो, म्हणजे दोन्ही चॅनलमध्ये सारखाच, असल्यामुळे गाणं बरंचसं गायब होतं आणि धूळ-ओरखडे उरतात, मग कळतं कुठलं काय.

पाय की गिटारवरची थाप? पाय खालून, घुमत येतो आणि तार वाजत असतानाही चालू राहतो. थाप बहुतेकदा तारेच्या दोन सुरांमधल्या फटीत पडते, मिसिसिपीचा ब्लूज गायक-गिटारवादक चार्ली पॅटन ऐका म्हणजे समजेल.

पॅटनची पहिली रेकॉर्डिंग जून १९२९ मध्ये इंडियानातल्या रिचमंडला झाली, तो स्टुडिओ रेल्वे रुळांना खेटून होता, गाडी आली की काम थांबवायला लागायचं. उलट दुसरा ब्लूज गायक सन हाउस याची १९४१ची रेकॉर्डिंग घ्या, अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी लोकगीतं गोळा करणाऱ्या ॲलन लोमॅक्सने मिसिसिपीत लेक कॉर्मोरंटला रुळांजवळच्या एका दुकानात केलेली. तिथे गाडी येते, धडधडत निघून जाते, आणि हाउस आणि त्याचे साथीदार वाजवतच राहतात. हेडफोन लावूनच ऐका ती.