गच्चीवर सोलर बसवताय? पॅनेल नंतर बघा, आधी कोबा बघा

ड्रिल मशीन गच्चीत घातलं की आधी राखाडी भुकटी येते आणि मग लाल यायला लागते. लाल दिसली की मशीन तिथंच थांबवायला सांगायचं. ती विटेची भुकटी आहे, म्हणजे ड्रिल अजून ब्रिकबॅट कोब्यातच, म्हणजे गळती थांबवायला स्लॅबवर घातलेल्या विटांच्या तुकड्यांच्या थरातच, फिरतंय, स्लॅबला पोचलेलंच नाही, आणि त्यात ठोकलेला अँकर बोल्ट विटेच्या तुकड्यांना धरून उभा राहणार. वर वॉटरप्रूफिंगला भोक पडलं ते वेगळंच. आमच्या नाशिकच्या इंदिरानगरमधल्या घरावर अशी चार भोकं पडेपर्यंत मी खाली चहा पीत बसलो होतो. पहिल्याच पावसात बेडरूमच्या छताच्या कोपऱ्यात नकाशा उमटला.

तेव्हापासून कोणी विचारलं की "सोलर बसवायचंय, कुठलं पॅनेल घेऊ?" तर मी म्हणतो पॅनेलची काळजी सगळ्यात शेवटी कर. गेल्या काही वर्षांत पॅनेल जगभरात इतकं स्वस्त झालंय, चीनमध्ये गरजेपेक्षा किती तरी जास्त कारखाने झाले म्हणून, आणि आपल्याकडे पण जानेवारी २०२५ मध्ये देशाची सौर क्षमता १०० गिगावॅटच्या पुढे गेली, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरकारी यादीतली पॅनेल बनवायची क्षमतासुद्धा १०० गिगावॅट झाली. त्यामुळे पॅनेलमध्ये कोणाला फार मार्जिन उरलेलं नाही. मग स्वस्त कोटेशन देणारा पैसे वाचवणार कुठं? स्ट्रक्चर, वायर आणि अर्थिंगमध्ये. नेमकं तेच आपण बघत नाही.

तर सुरुवात महावितरणच्या बिलापासून करा. मागच्या १२ महिन्यांचा वापर त्यावर छापलेला असतो, सगळ्या महिन्यांची बेरीज करून १२ ने भागा. एप्रिल-मेचं एसीवालं बिल बघून घाबरून साइज ठरवू नका. नाशिकमध्ये १ किलोवॅटला वर्षाच्या सरासरीने दिवसाला ४ युनिट धरायचे, म्हणजे महिन्याला १२० च्या आसपास. उन्हाळ्यात जास्त मिळतात, जुलै-ऑगस्टमध्ये आभाळ भरून राहिलं की उन्हाळ्याच्या जवळपास निम्म्यावर येतं, ते वर्षभरात भरून निघतं कारण नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे लाइनला दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा होते त्या पद्धतीत, जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यांत वापरता येतात. पण ३१ मार्चला हिशोब बंद होतो आणि उरलेल्या युनिटला जो भाव मिळतो तो आपण देतो त्यापेक्षा खूप कमी असतो, म्हणून वीज विकून पैसे कमवायच्या नादात डबल साइज लावायची नाही. सरासरी ३०० युनिट असतील तर ३ किलोवॅट पुरे.

३ किलोवॅटवर थांबायचं दुसरं कारण सबसिडी. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या २ किलोवॅटला किलोवॅटमागे ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० मिळतात, असे ७८,००० झाले की संपलं, पुढे ५ लावा नाहीतर १० लावा आकडा तोच. सोसायटीला कॉमन मीटरसाठी, म्हणजे लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे वगैरे, किलोवॅटमागे १८,००० आहेत. कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या मोठ्या सोसायट्यांना हे फार फायद्याचं आहे, पण जनरल मीटिंगमध्ये टेरेस कोणाचं यावरून जी भांडणं होतात त्याला सरकारकडे योजना नाही.

आता पॅनेल. सबसिडी हवी तर डीसीआर पॅनेलच लागतं, म्हणजे आतला सेल आणि वरचं पॅनेल दोन्ही भारतात बनलेलं. नॉन-डीसीआरमध्ये सेल बाहेरून येतो, फक्त जोडणी इथं होते, ते स्वस्त पडतं, म्हणून काही जण कोटेशनमध्ये हा शब्दच गाळतात. कोटेशनवर "डीसीआर" लिहून घ्या, आणि माल आल्यावर प्रत्येक पॅनेलवरचा सिरीयल नंबर सर्टिफिकेटवरच्या नंबराशी ताडून बघा, सहा पॅनेल असतात, पाच मिनिटांचं काम आहे. मंजूर पॅनेलची सरकारी यादी, एएलएमएम म्हणतात ती, आधीपासून आहेच, आता सेलसाठीची तशीच यादी १ जून २०२६ पासून लागू करायचं केंद्राने ठरवलंय. त्यामुळे "थांबा, अजून स्वस्त होईल" म्हणणाऱ्यांचं मला फारसं पटत नाही, पॅनेल स्वस्त होईल पण देशी सेलवालं तितकं होईलच असं नाही.

मोनो पर्क घ्यायचं की टॉपकॉन, म्हणजे सेलच्या दोन प्रकारांतला कुठला, हा प्रश्न सगळे विचारतात. फरक उष्णतेत आहे. पॅनेलवर छापलेले वॅट २५ डिग्रीला मोजलेले असतात आणि आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी पॅनेलची काच हाताला चटका देते, सेल आरामात ६० च्या पुढे जातो. मोनो पर्क प्रत्येक डिग्रीला साधारण ०.३५ टक्के पडतं, टॉपकॉन ०.३० च्या आसपास. म्हणजे ६५ डिग्रीला एकाचे १४ टक्के गेले आणि दुसऱ्याचे १२. भाव सारखा असेल किंवा हजार-दोन हजारांचा फरक असेल तर डोळे झाकून टॉपकॉन घ्या, पण त्यासाठी १५-२० हजार जास्त मागत असेल तर सोडा. बायफेशियल म्हणजे मागच्या बाजूनेही वीज बनवणारं, ते खाली पांढरी गच्ची आणि मोकळी उंची असेल तरच कामाचं. आमच्या पॅनेलखाली पांढऱ्या चिनी मोझॅकचे तुकडे आहेत म्हणून मी घेतलं. अंबड-सातपूरच्या पत्र्याच्या शेडवर पॅनेल पत्र्याला चिकटून बसतं, मागे उजेड जातच नाही, तिथं बायफेशियलचे जास्त पैसे मोजायचे कशाला.

मग तो कायमचा प्रश्न, माझ्या मामांनी पिंपळगावहून फोनवर विचारला तो. "अरे पण लाइट गेली की हे चालेल ना?" नाही मामा, चालत नाही. साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची डीसी वीज एसी करून महावितरणच्या लाइनला जोडणारा डबा, महावितरणची लाइट गेली की आपोआप बंद होतो, भर दुपारी कडक ऊन असलं तरी, कारण तो चालू राहिला तर तारेत उलटी वीज जाईल आणि खांबावर चढलेला वायरमन मरेल. हे व्हेंडर आधी सांगत नाहीत आणि मग भांडणं होतात. लाइट गेल्यावरही हवं असेल तर हायब्रीड इन्व्हर्टर आणि बॅटरी. लिथियम बॅटऱ्या स्वस्त होत चालल्यात हे खरं, पण शहरात जिथं महिन्यातून दोन-चार तास लाइट जाते तिथं आजच बॅटरी घ्यायची गरज मला तरी वाटत नाही. त्यापेक्षा सवयी बदला. वीज नियामक आयोगाने सकाळी ९ ते संध्याकाळी ५ हे सौर तास धरलेत आणि जुलै २०२५ पासून टीओडी मीटरवाल्या, म्हणजे वीज कुठल्या वेळी वापरली ते मोजणाऱ्या मीटरच्या, घरगुती ग्राहकांना त्या वेळेतल्या वापरावर सवलतही सुरू झालीय, म्हणजे वारा कुठं वाहतोय ते दिसतंय, दिवसाची वीज स्वस्त आणि रात्रीची महाग. वॉशिंग मशीन, पाण्याची मोटर, इस्त्री, ई-बाईकचं चार्जिंग सगळं दुपारी. आईला हे पटवायला मला दोन महिने लागले, मिक्सर सकाळी सहालाच लागतो ते सोडून.

आता स्ट्रक्चर, इथं जरा जास्त बोलणार आहे. कोबा असलेल्या गच्चीला भोक पाडूच नका, काँक्रीटचे ब्लॉक गच्चीच्या वरच ओतून घ्या. दीड बाय दीड फूट आणि एक फूट उंच असा एक ब्लॉक साधारण दीडशे किलोचा होतो, आणि ते वजन लागतं. मे महिन्यात वळवाचा पाऊस येतो तेव्हाचा वारा आठवा, साडेसात फूट बाय पावणेचार फुटाचं एकेक पॅनेल म्हणजे शीडच असतं वाऱ्याला. व्हेंडर एक फूट बाय एक फूट बाय अर्धा फूट ब्लॉक दाखवेल, तो चाळीस किलोपण भरत नाही, नको म्हणा. ब्लॉक जमेल तिथे खालच्या बीम किंवा कॉलमच्या रेषेवर घ्या, घर जुनं असेल तर आधी एखाद्या इंजिनियरला दाखवा, आणि ब्लॉकने पाण्याचा उतार अडवायचा नाही, नाहीतर पावसात तळं.

लोखंड हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड, ८० मायक्रॉन, हे कोटेशनवर लिहून घ्यायचं. सिल्व्हर कलर मारलेलं साधं लोखंड लांबून अगदी तसंच दिसतं आणि दोन पावसाळ्यांत तांबूस पडतं. जागेवर वेल्डिंग करू देऊ नका, वेल्डिंगच्या जागेचा जस्ताचा थर जळतो आणि गंज तिथूनच सुरू होतो, नट-बोल्टचंच स्ट्रक्चर घ्या आणि कापलेल्या टोकांना झिंक स्प्रे मारायला लावा. पॅनेलचं तोंड दक्षिणेला, उतार २० डिग्रीच्या आसपास कारण नाशिक २० अक्षांशावर आहे, थोडं इकडे तिकडे झालं तर काही बिघडत नाही. पण पाण्याच्या टाकीची सावली मात्र बघा, आणि ती डिसेंबरमध्ये बघा, मेमध्ये सूर्य डोक्यावर असतो तेव्हा सावली फसवते. एका पॅनेलवर सावली आली की ओळीतल्या बाकीच्यांनाही त्रास होतो.

वायर डीसीची वेगळी असते, उन्हात टिकणारी, तांब्याची, घरातली साधी वायर बाहेर ओढलेली दिसली तर काम थांबवा. पॅनेल जोडायचे कनेक्टर नर-मादी एकाच कंपनीचे हवेत, मिक्स केले की सैल बसतात, गरम होतात आणि आग तिथूनच लागते. अर्थिंगचे तीन खड्डे, एक स्ट्रक्चरचा, एक इन्व्हर्टरचा, एक पडलेली वीज जमिनीत नेणाऱ्या अरेस्टरचा. तिन्हींचं एकाच खड्ड्यात भागवणारे खूप भेटतात. खड्डा खणताना स्वतः उभे राहा, बुजवल्यावर काय होतं ते फक्त देवाला माहीत.

कोटेशन किमान तीन घ्या. मला ३ किलोवॅटला १ लाख ७० हजारांपासून २ लाख २० हजारांपर्यंत आली, मधलं घेतलं. जीएसटी जरूर बघा, २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलरच्या मालावर १२ चा ५ टक्के झाला, माल ७० आणि काम ३० टक्के या हिशोबाने एकूण ८.९ टक्के बसतो, जुन्या साच्यातलं कोटेशन १३.८ लावून येतं. इन्व्हर्टरचं सर्व्हिस सेंटर नाशिकमध्ये आहे का हे विचारा, पॅनेलची २५ वर्षांची वॉरंटी सगळेच सांगतात पण बिघडतो तो इन्व्हर्टर. योजनेत पाच वर्षं देखभाल व्हेंडरनेच करायची असते, ती वेगळी विकत घेऊ नका. आणि पूर्ण पैसे आधी द्यायचे नाहीत, निदान दहा टक्के नेट मीटर लागेपर्यंत हातात ठेवा. माझं बिल तीन हजारांच्या वर यायचं, आता स्थिर आकार धरून दोनशेच्या आसपास येतं, त्या हिशोबाने सबसिडी वजा जाता पैसे साडेतीन-चार वर्षांत सुटतील.

अर्ज सोपा आहे, पीएम सूर्यघरच्या पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाकायचा, यादीतला व्हेंडर निवडायचा, १० किलोवॅटपर्यंत तांत्रिक मंजुरीसाठी थांबावं लागत नाही, काम झालं की महावितरणची तपासणी, नेट मीटर, मग पोर्टलवर बँक खात्याची माहिती भरली की सबसिडी जमा. गाडी अडते ती एकाच ठिकाणी, बिलावर अजून आजोबांचं नाव असतं. नाव बदलायचा अर्ज आधी करा, मग बाकीचं.

निफाड-दिंडोरीकडच्यांसाठी दोन ओळी. द्राक्षबागेला पंप हवा असेल तर हे सगळं विसरा, मागेल त्याला सौर कृषी पंप बघा, शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीला ५ टक्के, आणि अडीच एकरपर्यंत ३ एचपी, पाचपर्यंत ५, त्यापुढे साडेसात.

बसवून झाल्यावर काम फक्त धुण्याचं. पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी लवकर, मऊ फडका आणि नळाचं पाणी. बोअरचं पाणी वापरू नका, वाळलं की पांढरे डाग पडतात आणि ते साध्या पुसण्याने जात नाहीत. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतायचं नाही, तडकते. खाली कबुतरं घरटी करतात, जाळी लावून टाका. आणि संक्रांतीनंतर एकदा वर जाऊन नीट बघा, पॅनेलवर अडकलेला पतंग म्हणजे सावलीच, मांजा वायरमध्ये गुंततो तो वेगळा. आमच्याकडे यंदा तीन निघाले, त्यातला एक समोरच्या गल्लीतला पोरगा जिना चढून येऊन परत मागून घेऊन गेला.